शेवटच्या काळातील मंडळीचे स्थान : मराठी पाळक आणि सुवार्तिक यांस खुले पत्र

महाराष्ट्रातील आदरणीय पाळक, सुवार्तिक बंधुभगिनी आणि ईश्वरविज्ञान शिकवणारे गुरुजन यांस,



ख्रिस्ताच्या पुनरागमनाची आशा हा ख्रिस्ती विश्वासाचा गाभा आहे आणि ती आशा आपण व्यासपीठावरून जिवंत ठेवली, याबद्दल मराठी ख्रिस्ती समाज आपला ऋणी आहे. त्या आशेवर शंका घेणे हा या पत्राचा हेतू नाही. तक्रार आहे ती त्या आशेच्या मांडणीबद्दल, आणि त्यातही त्या मांडणीत मंडळीला दिल्या जाणाऱ्या स्थानाबद्दल. संजीवन सभांतून, पुस्तिकांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या प्रवचनांतून शेवटच्या काळाचा जो आराखडा वारंवार समोर येतो, त्यानुसार मंडळी एके दिवशी अचानक जगातून उचलली जाणार, तिच्यामागे सात वर्षांचे महासंकट येणार, ख्रिस्तविरोधक राज्य करणार, भविष्यवाणीचे उरलेले सर्व प्रसंग इस्राएल राष्ट्राभोवती घडणार आणि मंडळी ते सारे स्वर्गातून पाहणार. या आराखड्यात मंडळीकडे वाट पाहण्यापलीकडे कोणतेही काम शिल्लक राहत नाही. नव्या करारात मात्र शेवटच्या काळाची कथा मंडळीला वगळून सांगताच येत नाही, आणि ही विसंगती आपल्यासारख्या जबाबदार शिक्षकांच्या लक्षात आणून देणे आवश्यक वाटल्यामुळे हे पत्र लिहिले जात आहे.

पहिली तक्रार अशी की हा आराखडा कोठून आला, हे श्रोत्यांना सांगितले जात नाही. मानवी इतिहासाचे अनेक युगांत विभाजन करून प्रत्येक युगात देवाने माणसाशी वेगळ्या नियमाने व्यवहार केला असे मानणाऱ्या, आणि इस्राएल व मंडळी या देवाच्या दोन पूर्णपणे स्वतंत्र प्रजा आहेत असे सांगणाऱ्या विचारसरणीला ‘डिस्पेन्सेशनॅलिझम’ म्हणतात. मराठीत तिला युगविभागवाद म्हणता येईल. तिची बांधणी एकोणिसाव्या शतकात प्रामुख्याने जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमधील माजी अँग्लिकन धर्मगुरूने केली, तेथील पॉवर्सकोर्ट येथे १८३१ पासून भरलेल्या भविष्यवाणीविषयक परिषदांत तिची चर्चा झाली, आणि १९०९ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केलेल्या स्कोफिल्ड यांच्या टीपायुक्त बायबलमुळे ती इंग्रजी वाचणाऱ्या जगभर पसरली. या बायबलात पवित्र वचन आणि स्कोफिल्ड यांच्या टीपा एकाच पानावर छापलेल्या होत्या, त्यामुळे वचन कोठे संपते आणि माणसाचे मत कोठे सुरू होते, याचे भान पुष्कळ वाचकांना राहिले नाही. दानीएलाच्या नवव्या अध्यायातील सत्तर सप्तकांपैकी एकोणसत्तर सप्तके ख्रिस्तापाशी संपतात, सत्तरावे मात्र अजून यायचे आहे आणि मधल्या, मजकुरात कोठेही न सांगितलेल्या खंडात मंडळीचे युग बसते, हे गणित याच परंपरेत प्रतिष्ठा पावले. मंडळी म्हणजे देवाच्या मूळ योजनेच्या ओघात आलेला एक कंस, असे तिचे वर्णन या संप्रदायाच्या लेखकांनी केले आहे. ख्रिस्ताने जिच्यासाठी स्वतःला अर्पण केले असे पौल इफिसकरांस लिहितो, तिला कंसात ठेवणारी ही भाषा आपण तपासून पाहावी.

एखादे मत अलीकडचे आहे म्हणून ते चुकीचे ठरत नाही, हे मान्यच आहे. परंतु ज्या मताला जेमतेम दोनशे वर्षे झाली आहेत, ते प्रेषितांपासून अखंड चालत आलेले एकमेव मत म्हणून शिकवले जात असेल, तर ती श्रोत्यांची दिशाभूल होय. दुसऱ्या शतकातील इरेनियस हा ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य पृथ्वीवर येईल असे मानणारा होता, म्हणजे ज्याला पूर्वसहस्रवर्षवाद म्हणतात त्या मताचा. तरीही ख्रिस्तविरोधकाचा छळ मंडळीला सोसावा लागेल असेच त्याने लिहिले. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथात ती हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनापासून चालू असलेला मंडळीचाच काळ असा अर्थ लावला. या मताला असहस्रवर्षवाद म्हणतात आणि पश्चिमेकडील मंडळीत ते शतकानुशतके प्रमुख राहिले. सुवार्तेच्या प्रसाराने जगात नीती आणि न्याय वाढत जाऊन त्यानंतर ख्रिस्त येईल, हा उत्तरसहस्रवर्षवाद अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील अनेक मिशनरी चळवळींना बळ देणारा ठरला. या तिन्ही मतांचे लोक पवित्र शास्त्राला प्रमाण मानत होते आणि तिन्ही मतांत मंडळी शेवटच्या काळाच्या मध्यभागी होती. ईश्वरविज्ञान विद्यालयांत या मतांची ओळख करून दिली जाते. ती ओळख वर्गाच्या भिंतीबाहेर, रविवारच्या उपदेशापर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर गुरुजनांनी द्यावयास हवे.

दुसरी आणि सर्वांत गंभीर तक्रार प्रकटीकरणाच्या वाचनाबद्दल आहे. चौथ्या अध्यायापासून एकविसाव्या अध्यायापर्यंत ‘मंडळी’ हा शब्द येत नाही, म्हणून मंडळी तोपर्यंत उचलली गेलेली असते, असा युक्तिवाद आपल्या पुस्तिकांत नेहमी आढळतो. या युक्तिवादाला पुस्तकातूनच उत्तर मिळते. तेराव्या अध्यायात श्वापदाशी सामना करावा लागतो तो पवित्र जनांना, आणि चौदाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा व येशूवरील विश्वास धरून राहणारे म्हणून ज्यांचे वर्णन येते तेही पवित्र जनच. येशूवर विश्वास ठेवणाऱ्या या माणसांना मंडळी म्हणायचे नसेल, तर ती कोण हे सांगण्यासाठी पुस्तकाबाहेरचा तक्ता आणावा लागतो. पहिल्या अध्यायात ख्रिस्त स्वतः सात समयांचे रहस्य उलगडतो आणि त्या समया म्हणजे सात मंडळ्या असे सांगतो. अकराव्या अध्यायात दोन साक्षीदार येतात आणि त्यांनाही दोन समया म्हटले जाते. पुस्तकाने स्वतःच दिलेली ही किल्ली वापरली, तर मारले जाऊन महानगराच्या रस्त्यावर पडून राहणारे आणि देवाच्या श्वासाने पुन्हा उठवले जाणारे ते साक्षीदार म्हणजे साक्ष देणारी, त्या साक्षीपायी मार खाणारी आणि आपल्या प्रभूच्या मागोमाग मरण व पुनरुत्थान यांतून जाणारी मंडळी होय, असा अर्थ सरळ निघतो. अनेक मान्यवर भाष्यकारांनी तो तसाच लावला आहे.

हे पुस्तक मुळात लिहिले गेले ते आशिया प्रांतातील इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया या खऱ्याखुऱ्या नगरांतल्या खऱ्याखुऱ्या मंडळ्यांना, आणि परंपरेनुसार ते सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीत, पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिले गेले. पर्गम येथे अंतिपा नावाचा साक्षीदार मारला गेला होता. स्मुर्णा येथील विश्वासी गरीब होते आणि तुरुंगाच्या उंबरठ्यावर उभे होते. लावदिकीया श्रीमंत होती आणि आपल्याला कशाचीही उणीव नाही अशा समजात होती. ख्रिस्त स्मुर्णाला आणि फिलदेल्फियाला एकाही शब्दाने दोष देत नाही, तर लावदिकीयाची एकाही शब्दाने प्रशंसा करत नाही. भविष्यवाणीचे पुस्तक मंडळीच्या अशा परीक्षणाने सुरू होते, ही बाब साधी नाही. मात्र युगविभागवादी उपदेशात या सात मंडळ्यांचे इतिहासाचे सात कालखंड बनवले जातात, आपला काळ लावदिकीयाचा ठरवला जातो आणि तो दोष बहुधा दुसऱ्या संप्रदायाच्या माथी मारला जातो, फिलदेल्फियाचा मान मात्र स्वतःच्या गटाकडे राखून ठेवला जातो. ज्या पत्रांनी प्रत्येक मंडळीच्या अंतःकरणाला हात घालायचा, ती अशा रीतीने इतरांचा न्याय करण्याचे साधन होतात.

याच पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात बाबेल नगरीच्या पतनावर शोक करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी येते. ती सोन्यारुप्यापासून सुरू होते, तलम वस्त्रे, सुगंधी द्रव्ये, द्राक्षारस, तेल, गहू आणि गुरेढोरे यांतून पुढे जाते आणि विकल्या जाणाऱ्या माणसांपाशी संपते. त्या नगरीतून बाहेर पडण्याची हाक त्याच अध्यायात देवाच्या प्रजेला दिलेली आहे. मंडळी तेव्हा पृथ्वीवर नसेल तर ही हाक कोणासाठी, आणि ती असेल तर माणसांच्या श्रमाच्या व देहाच्या बाजारात आजच्या मंडळीचा वाटा किती, हे दोन्ही प्रश्न शेवटच्या काळावरील उपदेशात यायला हवेत. श्वापदाच्या दहा शिंगांचे दहा देश कोणते, यावर दोन-दोन तास बोलणाऱ्या वक्त्यांकडून या यादीवर दहा मिनिटांचे विवेचनही होत नाही, याचे दुःख होते.

थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाबद्दलही असेच म्हणावे लागते, कारण मंडळीच्या उचलले जाण्याचा मुख्य आधार तोच मानला जातो. पौल तेथे संकटातून सुटकेचे वेळापत्रक देत नाही; आपली मेलेली माणसे प्रभूच्या येण्याला मुकतील की काय या भीतीने शोक करणाऱ्या कुटुंबांचे तो सांत्वन करतो आणि सांगतो की मेलेले आधी उठतील, मग सर्व मिळून प्रभूला सामोरे जातील. त्या काळच्या नगरांत सम्राट किंवा मोठा अधिकारी येत असला की नागरिक वेशीबाहेर जाऊन त्याला सामोरे जात आणि त्याला घेऊन नगरात परतत. आपल्याकडे गावच्या वेशीवर पाहुण्याला ओवाळून वाजतगाजत गावात आणतात, तसेच ते असे. या चित्रात लोक राजाबरोबर गावात येतात, गाव सोडून निघून जात नाहीत. त्याच थेस्सलनीकाकरांपैकी काहींनी कामधंदा सोडला होता आणि दुसऱ्या पत्रात पौलाने त्यांना कडक शब्दांत कामाला लावले, हेही त्याच श्रोत्यांना त्याच सभेत सांगितले गेले पाहिजे.

कामधंदा सोडण्याचा हा मोह थेस्सलनीका येथे संपला नाही. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला आणि काहींनी शेतातले पीकही काढले नाही. दक्षिण कोरियात एका पंथाने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख जाहीर केली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरेदारे विकली, आणि त्या पंथाचा प्रमुख पुढे फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरला. हेरॉल्ड कॅम्पिंग या अमेरिकी प्रवचनकाराने आधी २१ मे २०११ आणि मग त्याच वर्षीचा २१ ऑक्टोबर सांगितला. मराठी पाळकांपैकी बहुतेकांनी अशा तारखांना थारा दिला नाही, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. परंतु तारीख न सांगता प्रत्येक युद्ध, प्रत्येक साथ, प्रत्येक नवे यंत्र आणि प्रत्येक ओळखपत्र हे शेवटचे चिन्ह म्हणून मांडणे, हाही तारीख सांगण्याचाच एक प्रकार आहे, आणि त्याची किंमत लस टाळणारी, मुलांचे शिक्षण अर्ध्यावर थांबवणारी, कर्ज फेडण्याची गरज नाही असे समजणारी साधी माणसे देतात.

तिसरी तक्रार इस्राएलविषयी आहे, आणि ती महाराष्ट्रात विशेष तीव्रतेने मांडली पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या आसपासच्या गावांत बेने इस्राएल हा ज्यू समाज शतकानुशतके राहिला, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवत असल्यामुळे शनवार तेली म्हणून ओळखला गेला आणि मराठीला त्याने मातृभाषा मानले. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये गेले, तेथे त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली, आणि दीर्घ आंदोलनानंतर १९६४ साली तेथे त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. ज्यांच्या शेजारी आपल्या आजी-पणजींनी संसार केले, त्या लोकांचा उल्लेख आपल्या प्रवचनांत केवळ देवाच्या घड्याळाचा काटा म्हणून व्हावा, ही खेदाची गोष्ट आहे. युगविभागवादाच्या अनेक लोकप्रिय मांडण्यांत जखऱ्याच्या तेराव्या अध्यायाच्या आधारे महासंकटात दोनतृतीयांश ज्यू मरतील असे सांगितले जाते आणि त्यानंतर लगेच इस्राएलवरील प्रेमाची घोषणा होते. ज्यांच्या संहाराची वेळ आधीच ठरवून ठेवली आहे, त्यांच्यावरील हे प्रेम कोणत्या जातीचे, हे आपणच ठरवावे.

दुसऱ्या बाजूला बेथलेहेम, रामल्ला आणि नाझरेथ येथे ख्रिस्ताचे नाव घेणारी अरब कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. पॅलेस्टाइनमधील विविध संप्रदायांच्या ख्रिस्ती नेत्यांनी २००९ च्या डिसेंबरात ‘कायरोस पॅलेस्टाइन’ नावाचे निवेदन काढून जगातील मंडळ्यांना आपले दुःख आणि आपली आशा कळवली. तो देश म्हणजे भविष्यवाणीचा नकाशा, एवढ्यावर आपली नजर थांबल्यामुळे त्या नकाशावर राहणारे आपलेच भाऊबहीण आपल्याला दिसेनासे झाले. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल एकाच जैतून वृक्षाचे चित्र काढतो, त्यावर कलम केलेल्या रानटी फांद्यांनी मूळच्या फांद्यांपुढे बढाई मारू नये असे बजावतो आणि शेवटी देवाच्या अगाध ज्ञानापुढे नतमस्तक होतो. ज्यू लोकांना देवाने टाकून दिले, असे म्हणणारी मंडळीची जुनी चूक त्या अध्यायाने खोडून निघते; ज्यू आणि मंडळी यांची झाडेच वेगळी, असे म्हणणारी नवी चूकही त्यानेच खोडून निघते.

चौथी तक्रार मुख्य प्रवाहातील मंडळ्यांविषयी आहे, आणि ती बोलण्याची नसून न बोलण्याची आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली, तेव्हा विभागलेल्या मंडळीने एक होणे हेच देवाच्या राज्याचे चिन्ह आहे ही भावना त्या एकीकरणामागे होती. आगमनकाळाचे चार रविवार याच विषयासाठी उपासनाक्रमात राखलेले आहेत. तरीही त्या रविवारी उपदेश नाताळच्या तयारीवर होतो आणि श्रोता आपल्या भीतीचे उत्तर शोधायला दुसऱ्या सभेला जातो. कॅथलिक ख्रिस्तसभेकडे तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची समृद्ध शिकवण आहे: १९६४ च्या मंडळीविषयक संविधानाचा सातवा अध्याय मंडळीला पूर्णत्वाकडे चाललेली यात्रेकरू म्हणतो, १९६५ चे आधुनिक जगाविषयीचे संविधान सांगते की नव्या पृथ्वीच्या आशेने या पृथ्वीची काळजी कमी न होता वाढली पाहिजे, आणि १९९२ ची धर्मशिक्षा मंडळीला शेवटच्या परीक्षेतून जावे लागेल असे स्पष्ट लिहिते. इव्हँजेलिकल परंपरेतील १९७४ चा लोझान करारही ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापासून पुनरागमनापर्यंतचा काळ सुवार्ताकार्याने भरायचा आहे असे म्हणतो. इतक्या वेगवेगळ्या परंपरा ज्या मुद्द्यावर एकत्र येतात, तो मराठी श्रोत्यांच्या कानी पडू नये, याला आळसाखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात शिष्य नेमका आजच्या सभांतला प्रश्न विचारतात: इस्राएलचे राज्य कधी परत येणार? प्रभू काळवेळ सांगत नाही, त्याऐवजी पृथ्वीच्या शेवटापर्यंत साक्षीदार होण्याचे काम देतो. पुढच्याच अध्यायात पेत्र योएलाची भविष्यवाणी घेऊन उभा राहतो आणि पुत्र, कन्या, दास, दासी यांच्यावर ओतला गेलेला आत्मा म्हणजेच शेवटच्या दिवसांची पूर्तता असे घोषित करतो. म्हणजे शेवटचे दिवस पेंटेकॉस्टला सुरू झाले आणि मंडळीचा जन्म हीच त्या भविष्यवाणीची पहिली मोठी पूर्तता ठरली. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात अंताच्या आधी होणारी म्हणून सांगितलेली एक गोष्ट तर थेट मंडळीच्याच हातून व्हायची आहे, ती म्हणजे सर्व राष्ट्रांना सुवार्तेची साक्ष.

ही शिकवण परदेशातून आणण्याची गरज नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन झाले, ते दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा यांच्यात झाले, म्हणजे योएलाने ज्या कन्या आणि दासी सांगितल्या त्यांच्यातच. तेथील मिनी एब्रम्स यांनी त्या अनुभवाचा संबंध जगभर सुवार्ता पोहोचवण्याच्या तातडीशी जोडला, १९०६ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे स्त्री-सुवार्तिकांचा गट घेऊन त्या उत्तर भारतात गेल्या. मुक्ती मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी त्या संजीवनानंतर विणकाम, छपाई आणि अंधांचे शिक्षण बंद केले नाही. उलट मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी १९२२ साली झालेल्या आपल्या मृत्यूच्या काही काळ आधीपर्यंत चालवले. प्रभूची वाट पाहणारी मंडळी काय करत असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण घरात असताना इंग्रजी तक्त्यांची भाषांतरे छापण्यावर खर्च होत आहे.

म्हणून आपणाकडे काही विनंत्या आहेत. शेवटच्या काळावर शिकवताना आपण कोणत्या परंपरेतून बोलत आहात, हे आधी सांगावे आणि इतर परंपरा प्रामाणिकपणे मांडाव्यात. बातम्यांतील घटनेला भविष्यवाणीची पूर्तता म्हणण्याआधी मागच्या पिढीने कोणत्या घटनांना तसे म्हटले होते, हे तपासावे. ज्यू, मुसलमान किंवा अन्य संप्रदायांचे ख्रिस्ती यांच्याविषयी बोलताना ते समोर बसले आहेत असे समजून बोलावे. ईश्वरविज्ञान विद्यालयांनी प्रकटीकरणावर सामान्य वाचकाला कळेल असे मराठी भाष्य तयार करावे, कारण या विषयावर मराठीत जे सहज मिळते ते बहुतांशी भाषांतरित आणि एकाच बाजूचे आहे. आणि येत्या आगमनकाळात निदान एका रविवारी प्रकटीकरणाचा दुसरा व तिसरा अध्याय आपल्या मंडळीपुढे सबंध वाचावेत, त्या सात पत्रांपैकी कोणते पत्र आपल्या मंडळीला लागू पडते हा प्रश्न पास्टरेट कमिटीच्या पुढच्या बैठकीत विषय म्हणून घ्यावा आणि जे उत्तर निघेल ते मंडळीपासून लपवू नये, ही कळकळीची विनंती.

ख्रिस्तामध्ये आपल्या सेवेचा आदर बाळगणारा,
एक मराठी ख्रिस्ती वाचक